वाफ

29 डिसेंबर 2018. नागपूरचा पारा त्या पहाटे 3.5 अंशांवर उतरला होता. दोन स्वेटर आणि वर ह्यांची शाल असा अवतार करून मी गच्चीत चहा पीत होते. कढीपत्त्यावर एक बुलबुल पिसं फुलवून चेंडूसारखा बसलेला. तो ओरडला, तशी चोचीतून वाफेची बारीक रेघ निघाली आणि विरली. कॅमेरा खाली कपाटात. तेव्हापासून मला तो एक फोटो हवाय: जनावराचा श्वास.

लोक हिवाळ्यात ताडोब्याला, पेंचला वाघ बघायला जातात. मीही दोनदा गेले, एकदा वाघ दिसलाही. पण वीस जिप्सींच्या गर्दीत त्याचा फोटो काढताना लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेवाचा फोटो काढतोय असंच वाटलं.

त्यापेक्षा आमचा तलाव बरा. उमरेडच्या बाजूला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, मागे एकाने लिहिलं आणि पुढच्याच रविवारी पोट्टे ड्रोन घेऊन आले. इथे थंडीत पट्टकदंब हंस येतात, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून. डोक्यामागे दोन काळे पट्टे, कुणी काजळाच्या बोटाने ओढल्यासारखे. रात्री शेतांत चरतात आणि उजाडलं की पाण्यावर येऊन झोपा काढतात. थवा उतरतो तेव्हा आधी आवाज येतो, मग पाय पुढे काढून एकेक जण पाण्यावर घसरत थांबतो. त्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवते. नऊनंतर मात्र पाण्यावरची हवा थरथरायला लागते, लांबचा पक्षी कितीही फोकस करा, मऊच येतो. मग आम्ही तर्री-पोहे खायला निघतो. हे तोवर गाडीत घोरत असतात.

वाफेच्या नादात मागच्या जानेवारीत चिखलदऱ्यालाही गेलो. सव्वादोनशे किलोमीटर, परतवाड्यानंतर घाट. भीमाने कीचकाला मारून फेकलं ती दरी, म्हणून कीचकदरा, असं तिथे सगळे सांगतात. पहाटे पाचला उठून देवी पॉइंटवर गेले, गारठ्यात अर्धा तास उभी राहिले. काहीच दिसेना, म्हणून दोन घोट चहासाठी खोलीत परतले. तिथे ह्यांची गरम पाण्याची बादली भरलेली, खोलीभर वाफ. गार पडलेला कॅमेरा त्या वाफेत नेला आणि लेन्सवर दव. पुसलं की पुन्हा. नेमका त्याच वेळी सूर्य वर आला. खालच्या दरीत धुकं दुधासारखं भरलेलं, त्यातून सातपुड्याच्या रांगा एकामागे एक, पुढची काळपट, मागची निळी, शेवटची तर आहे की नाही तेच कळेना. मी कठड्याला टेकून नुसती बघत राहिले.

‘‘वाफच पाहिजे होती ना तुला?’’ हे म्हणाले. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. आता आत जाण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधते आणि अर्धा तास उघडत नाही. दव पिशवीवर धरतं.

शेवटी वाफ मिळाली ती आमच्या तलावावरच. सूर्य समोर, बाभळींची सावली अजून काळी, आणि मध्ये बांधावर एक म्हैस. उजेड मागून आला की वाफ पेटल्यासारखी दिसते, पण मागे काळोख हवा, नाहीतर सगळं पांढऱ्यात पांढरं. कॅमेरा काळी म्हैस उगाच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं. तिने मान वर केली, फुर्रर्र केलं, आणि दोन्ही नाकपुड्यांतून सोनेरी झोत निघाले. ओठावरचे केससुद्धा वेगवेगळे मोजता यावेत असा फोटो.

हात थरथरत होते, थंडीने म्हणा. म्हशीमागून मालक आला, कानाला मफलर, हातात काठी.

‘‘म्हशीचा काऊन फोटो काढून राहिल्या बाई?’’

मी स्क्रीन दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, भारावला.

‘‘हिले सर्दी झाली ना बाई,’’ तो म्हणाला, ‘‘दोन दिवस झाले, नाक वाहून राहिलं.’’