भट्टीजवळ सॅनिटायझर नको

करोनाच्या काळात आर्वीकडच्या एका ढाब्यावर भट्टीचं चिकन खाल्लं होतं. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेनं उघडली होती, म्हणून बाजा दूर दूर टाकलेल्या. मोकळ्या हवेत बसणं केव्हाही बरं.

पण सॅनिटायझरची बाटली भट्टीला लागून! त्यात ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, भडका उडायला ठिणगी पुरते. चोळल्यावर हात पुरते वाळल्याशिवाय निखाऱ्याजवळ जाऊच नका. भट्टीवाल्यानं तर साबणानंच २० सेकंद हात धुवावेत.

कच्च्याला अन् शिजलेल्याला चिमटा वेगळा पाहिजे. कोळशावर पांढरी राख धरली की मगच सळई ठेवा. जाळावर ठेवली की तेल टपकून ज्वाळ उठते, सावजी मसाला वरून करपतो अन् हाडाजवळ कच्चं राहतं. जाड तुकडा चिरून पाहा, रस गुलाबी निघाला तर परत भट्टीवर.