परदेशातल्या लेकरासाठी गृह अध्ययन: गावातल्या घराची तयारी

परदेशातलं मूल दत्तक घेण्याची प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने चालते. पण हेग करारातल्या (देशादेशांतल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) देशाचं लेकरू भारतात राहायला येणार असेल, तर कराराच्या कलम ५ आणि १७ खालची मान्यता आपली ‘कारा’, म्हणजे दत्तकाचं काम पाहणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण, देते. ती देण्याआधी कारा मुलाचा अध्ययन अहवाल, त्याची वैद्यकीय तपासणी आणि तुमचं गृह अध्ययन (सामाजिक कार्यकर्त्या घरी येऊन, माणसांशी बोलून लिहितात तो अहवाल) पाहते. यातलं तुमच्या हातात एवढंच आहे: गृह अध्ययन.

सामाजिक कार्यकर्त्या घरी येणार म्हटलं की लोक भिंती रंगवतात, सोफा आणतात. तो खर्च वाचवा. मातीचं घर ही अडचण नसते. लेकरू इथे सुरक्षित राहील का आणि घरातली माणसं त्याला मनापासून आपलं म्हणतील का, हे पाहायला त्या येतात.

सुरुवात फवारणीच्या औषधांपासून करा. कापसाच्या गावात अर्धी उरलेली बाटली पलंगाखाली, नाहीतर सपरीतल्या कोनाड्यात सापडतेच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. मोठ्यांचं हे होतं, तिथे लेकराचं काय होईल! औषधं आणि पंप राहत्या घराबाहेर, कुलूप लागणाऱ्या पेटीत ठेवा. औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. परक्या देशातून आलेल्या मुलाला बाटलीवरचं मराठी वाचता येणार नाही, आणि “हात लावू नको” म्हटलेलंही कळणार नाही. रिकाम्या डब्यांत पाणी किंवा धान्य भरणं आजपासून बंद.

मग परसदार. विहिरीला कठडा आणि जाळी, हौदाला झाकण. भिंतीला लागून रचलेला पऱ्हाटीचा ढीग दूर हलवा, त्यात साप-विंचू राहतात. लोखंडी बॉडीच्या कूलरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना आधी प्लग काढायची सवय घरात सगळ्यांना लावा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वरही जातो. थंड देशातलं मूल येणार असेल तर ते कोणत्या खोलीत झोपेल, वीज गेली तर काय कराल, याचं उत्तर तयार असू द्या.

कागदपत्रांत बहुतेक वेळा जन्मतारीख अडते. आधारवर ०१/०१, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरीच तारीख. दत्तकासाठी वय मोजलं जातं: मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं, आणि नवरा-बायकोच्या वयांच्या बेरजेलाही मर्यादा आहे, म्हणून ही दुरुस्ती सगळ्यात आधी. पत्नीचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढा. गावात ती नोंद ग्रामपंचायतीत होते.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे रिटर्न नसतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, बँकेचं पासबुक आणि कापूस-तूर विकल्याच्या पावत्या जोडा. इथे एक घोळ नेहमी होतो. योजनेसाठी म्हणून दाखला कमी रकमेचा काढलेला असतो आणि पासबुकात आकडा त्याच्या कितीतरी पट दिसतो. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये गेले की तुमच्या बाकीच्या शब्दावरही शंका येते. खऱ्या उत्पन्नाचा नवा दाखला काढा. पीककर्ज असेल तर लपवू नका, कसं फेडता ते सांगा. मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर लागेल, त्याला वेळ ठेवा.

सगळ्यात कच्ची तयारी बोलण्याची असते. नवरा-बायकोशी एकत्र आणि वेगवेगळं बोलणं होतं, आई-बाबांना आणि घरातल्या मोठ्या मुलांनाही विचारलं जातं. “बाहेरच्या पोराला वावरात वाटा कशाला?” हे वाक्य भेटीच्या दिवशी पहिल्यांदा घरात उच्चारलं गेलं तर ते अहवालात उतरणारच. दत्तक मूल कायद्याने पोटच्या मुलासारखंच असतं, हक्कासकट. हे भावकीसमोर आधीच स्पष्ट बोला, कितीही अवघड वाटलं तरी. मुलाचा रंग, चेहरा वेगळा असेल. गावात, शाळेत कुणी टोकलं तर त्याच्या बाजूने कोण उभं राहील, हेही ठरवा. दत्तक असल्याचं त्याला कधी सांगाल, या प्रश्नाला “मोठं झाल्यावर पाहू” हे उत्तर चालत नाही. गावाला माहीत असलेली गोष्ट लेकराला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये.

ओळखीच्या माणसांची दोन शिफारसपत्रं लागतात. आमदारांचं लेटरहेड मिळवण्यात दिवस घालवू नका. तुम्हाला मुलांसोबत वागताना पाहिलेले मुख्याध्यापक किंवा शेजारी जास्त उपयोगाचे.

गृह अध्ययनाचा अहवाल ३ वर्षं चालतो. तेवढ्यात घरात मूल जन्मलं, कुणी वारलं, मोठं आजारपण आलं किंवा शेती विकली, तर ते गृह अध्ययन करणाऱ्या संस्थेला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.