मालवणच्या जेटीवरचे पावणेदोन तास

मालवणला निघालेल्या कुणा ओळखीच्याचा फोन आला की मी हॉटेल, मासे, तारकर्ली यातलं काहीच आधी सांगत नाही. आधी सांगते ते हे: पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत जेटीवर हजर राहा आणि सिंधुदुर्ग बघून घ्या. दुपारवर ढकलू नका, शेवटच्या दिवसावर तर मुळीच नाही. आम्ही दुपारवर ढकलला आणि माझ्या 76 वर्षांच्या बाबांना पावणेदोन तास उन्हात रांगेत उभं राहावं लागलं. ते मला अजून सलतं.

बाबांचं किल्ल्यांचं वेड जुनं आहे. नागपुरात राहून किल्ल्यांचं वेड जोपासणं सोपं नाही. आमचा सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. माझ्या लहानपणी दर 15 ऑगस्टला बाबा मला सायकलच्या दांड्यावर बसवून तिथे न्यायचे आणि 1817 ची भोसले आणि इंग्रजांची लढाई कुठून कशी झाली ते बोट दाखवून सांगायचे. समुद्रातला किल्ला मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा त्यांनी पेपरमधलं कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि सिंधुदुर्गाच्या नावाखाली पेनाने रेघ ओढली. बोलले काहीच नाहीत. मी नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढली. बाबा, मी आणि सातवीतला माझा मुलगा.

प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते. वर्धा, अकोला, भुसावळ करत ती कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि जवळजवळ अख्खा दिवस घेऊन कुडाळला सोडते. तिथून एसटीने मालवण सुमारे तीस किलोमीटर. आम्ही उतरलो एका घरगुती निवासात. घर चिऱ्याचं, अंगणात माड, मालक बोलके. त्यांच्याबद्दल पुढे सांगते, कारण खरी मदत त्यांचीच झाली.

तर जेटी.

त्या दिवशी सकाळी आम्ही रॉक गार्डन बघितलं, बाजारात फिरलो, सावकाश नाश्ता केला आणि साडेअकराला जेटीवर गेलो. किल्ला समोर दिसत होता, इतका जवळ की माझा मुलगा म्हणाला, आपण पोहत जाऊ. तिकिटाची रांग खिडकीपासून निघून दोन वळणं घेत रस्त्यापर्यंत आली होती. सुट्टीचा आठवडा, त्यामुळे ते समजण्यासारखं होतं. आम्ही उभे राहिलो.

पहिल्या अर्ध्या तासात रांग बरी सरकली. मग थांबली. पुढे काय चाललंय ते मागच्यांना दिसत नव्हतं. कुणी म्हणे लाइफ जॅकेट संपली, होड्या परत आल्यावर मिळतील. कुणी म्हणे एक मोठा ग्रुप मध्ये घुसला. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही तिकडे सावलीत बसा, नंबर आला की बोलावते." ते म्हणाले, "मी गेलो आन् नंबर आला तर?" त्यांनी जागा सोडली नाही. डोक्यावर माझी ओढणी घेतली आणि दोन्ही हात काठीवर ठेवून उभे राहिले. समुद्राकडे पाठ करून एकदाही उभे राहिले नाहीत, हे मला आठवतं.

साडेबाराच्या सुमाराला वारा वाढला. माझ्या लक्षात आलं ते फक्त टोपी उडाली म्हणून. मी नागपूरची बाई, वारा वाढला म्हणजे होडीचं काय होतं हे मला कुठून ठाऊक असणार? पण जेटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. नंतर कळलं की रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांना एक वाजताच कुणीतरी सांगितलं होतं, "आता एक-दोनच होड्या जातील." मागे आम्ही शंभरेक माणसं होतो. आमच्यापर्यंत ते कुणी पोहोचवलं नाही. आम्ही एक वाजता उभे होतो, सव्वा वाजता उभे होतो, आणि सव्वा वाजून थोडं झाल्यावर, आमच्या पुढे जेमतेम दहा माणसं उरलेली असताना, खिडकी बंद झाली. लोखंडी दार खाली ओढल्याचा आवाज आला तेव्हा रांगेला कळलं.

बाबांनी विचारलं, "काऊन बंद केलं जी?"

खिडकीमागचा माणूस तोवर निघून गेला होता. उत्तर दिलं ते बाजूला जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या होडीवाल्याने. "वारो सुटलो, काका. आता होडी जावची नाय. फाल्यां सकाळी येवा." म्हणजे उद्या सकाळी या. त्याने उठून बाबांना स्वतःची प्लास्टिकची खुर्ची दिली.

होडी बंद केली याचा मला राग नाही. समुद्र खवळला असताना लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन कुणी जाऊ नये, आणि ते थांबले हे योग्यच झालं. माझा राग वेगळा आहे. एक फळा, एक खडू. "वारा वाढतो आहे, दुपारी होड्या बंद होऊ शकतात." एवढं एक वाक्य रांगेच्या शेपटाशी लिहिलेलं असतं तर मी बाबांना साडेबारालाच घेऊन गेले असते. कुणी रांगेच्या कडेने चालत जाऊन तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. रांगेत एक बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन उभी होती. सोलापूरकडचं एक कुटुंब त्याच संध्याकाळी परत निघणार होतं, त्यांचा किल्ला राहूनच गेला. त्यांची आजी किल्ल्याकडे बघून हात जोडून निघाली. किल्ला तीनशे साठ वर्षांहून जुना, बघायला माणसं देशभरातून येतात, आणि त्या माणसांना आज जमेल की नाही एवढं वेळेवर सांगायला कुणी नाही. हे काम पैशाचं नाही, मनावर घेण्याचं आहे.

बाबा काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "मोरयाचा धोंडा कुठे आहे, तो तर जमिनीवरच असन ना?"

होता. होडी बंद झाली तर मालवणात ही जागा बघा, चुकवू नका. किनाऱ्यावरचा एक साधा खडक, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. 25 नोव्हेंबर 1664 ला किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त इथे पूजा करून झाला. खडकाजवळ उभं राहिलं की समोर कुरटे बेटावरचा किल्ला दिसतो. बाबांनी चपला काढल्या. बराच वेळ ते तिथेच उभे होते. मुलाला सांगत होते की हिरोजी इंदुलकरांनी हे बांधकाम केलं आणि तीन वर्षांत, 1667 ला, ते पुरंही झालं.

संध्याकाळी आमच्या निवासाच्या मालकांना सगळं सांगितलं. ते हळहळले आणि म्हणाले, "ताई, मला विचारलं असतंत तर मी दुपारी जाऊच दिलं नसतं." मग त्यांनी जे सांगितलं ते मी प्रत्येक नागपूरकराला सांगते. सकाळी जमीन गार असते, समुद्र शांत असतो. ऊन चढलं की जमीन समुद्राच्या आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. म्हणून वारा बहुतेक दुपारीच वाढतो. किल्ला सकाळचा, किनारा संध्याकाळचा, असा तिथला हिशेब.

दुसरी गोष्ट त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून सांगितली. भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज हे सगळं पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतं. बाबा टपाल खात्यात होते, आकड्यांचा माणूस. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. त्यांनी लगेच सांगितलं, "चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, आन् सकाळी नऊला ओहोटी." मालकांनी मान डोलावली. बाबांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला.

सकाळी पावणेआठला जेटीवर आमच्यापुढे फक्त सात माणसं होती. दहा मिनिटांत तिकीट, अंगात लाइफ जॅकेट. म्हाताऱ्या माणसाचे पट्टे त्यांना बसवूनच बांधा, उभ्याने बांधले की बसल्यावर गळ्याशी येतात. होडीत चढताना एकाने खालून आणि एकाने वरून हात द्यावा.

ओहोटी लागलेली असल्यामुळे पाण्यातले खडक वर आले होते आणि होडी त्यांच्यामधून वळणं घेत गेली. बाबांच्या मते हाच त्या जागेचा खरा पहारेकरी. वाट ठाऊक नसलेल्या शत्रूची गलबतं इथेच फुटायची. दरवाजाही समोरून दिसत नाही. तटबंदी नुसती सलग भिंत वाटते, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या वळणात तो सापडतो. बाबांनी बोट दाखवून दरवाजा कुठे असेल ते आधीच सांगितलं, आणि तो तिथेच निघाला.

आता दुसरी अडचण. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासाभराचा वेळ देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. किल्ला सुमारे 48 एकरांचा, तट तीन किलोमीटरच्या वर. चालती-फिरती तरुण माणसंसुद्धा तासात दमतात. मी चढण्याआधीच होडीवाल्याला सांगितलं, "माझे वडील हळू चालतात, आम्हाला दोन तास लागतील." तो म्हणाला, सकाळी होड्या रिकाम्या येतात-जातात, मागून येणाऱ्या होडीत बसवतो, पण गर्दी वाढायच्या आत खाली या. हे उतरताना सांगून उपयोग नाही, चढतानाच बोलून ठेवा. दुपारी ही सवलत मिळाली नसती.

आत गेल्यावर आधी शिवराजेश्वराचं देऊळ करा. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे शिवाजी महाराजांचं देऊळ, आतली मूर्ती आपल्या डोळ्यांना सवयीची नाही, दाढी नसलेली. बाबा आत गेले आणि मी मुलाला बाहेर थांबवलं. मग चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, ते महाराजांचेच असं तिथे मानतात. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. नागपूरच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्या विहिरींपाशी काय वाटतं, ते तिथे उभं राहूनच कळतं. काही कुटुंबं अजूनही किल्ल्यात राहतात. त्यांच्यापैकी एका घरी आम्ही कोकम सरबत घेतलं. तटावर बाबा चढले नाहीत, मुलगा चढला आणि वरून ओरडून सांगत राहिला काय काय दिसतंय ते. बाबा खालून विचारत होते, "पद्मगड दिसते का? आन् तिकडे राजकोट?" हे दोन्ही मालवणचेच छोटे किल्ले.

आम्ही सव्वादोन तास होतो. परतताना जेटीवर कालच्यासारखीच रांग वळणं घेत होती. मी शेवटच्या चार-पाच जणांपाशी थांबून सांगितलं की काल सव्वा वाजता बंद झालं, म्हाताऱ्यांना उभं करू नका. दोघांनी ऐकलं.

आठवतील तशा आणखी काही गोष्टी. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत पावसाळ्यामुळे होड्या बंद असतात, तेव्हा उन्हाळी सुट्टीत जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तारकर्लीचा किनारा आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा, दोन्ही संध्याकाळी छान. मांसाहार न करणाऱ्यांनी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार मागवा. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तिथे ती खोबऱ्याच्या वाटणाची आमटी असते, बाबांनी दोनदा घेतली. खाजं बाजारातून आणा, आल्या-गुळाचं. नागपूरला पोहोचेपर्यंत जराही मऊ पडत नाही.

आणि गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठला बसा. तिकीट काढताना वय बरोबर टाका, साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो. बाबांना जाताना मिळाला, येताना मिळाला नाही. येताना अकोल्याच्या एका मुलाने स्वतःचा दिला. त्या बर्थवर बाबा रात्रभर शांत झोपले. उशाशी त्यांची वही होती, आणि तिच्यात प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतच्या भरतीच्या वेळा ओळीने लिहिलेल्या.