नाक खाली गेलं की कान बंद: बीगलच्या पिल्लाला शिकवताना

बीगल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरात चार-सहा दिवसांत ‘बस’ शिकतं, हाकेसरशी धावत येतं, आणि मैदानात नेलं की स्वतःचं नावही कधी ऐकलं नसल्यासारखं वागतं. मी आधी याला हट्टीपणाच समजत होतो. पण ही जात माणसाच्या तोंडाकडे बघत काम करण्यासाठी घडलेलीच नाही. जमिनीला नाक लावून टोळीने सशाचा माग काढायचा आणि माणसाने मागून यायचं, यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. म्हणून नाकाशी भांडणं सोडलं आणि हुंगायची परवानगी हाच त्याचा पगार ठरवला.

सुरुवात नवव्या आठवड्यात, घरातच. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्यापुढे ताणलं की पिल्लू जमीन हुंगायला लागतं; ते कंटाळल्याची खूण आहे. खाऊचा तुकडा अर्ध्या वाटाण्याएवढा. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून डब्यात काढायचं आणि शिकवणीचा खाऊ शक्यतो त्यातूनच द्यायचा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, कारण बीगल भराभर सुटतो.

बोलावण्यासाठी नाव वापरलं नाही. नाव दिवसभर कुणी ना कुणी घेत असतं, त्याची किंमत उरत नाही. ‘इकडे’ हा वेगळा शब्द ठेवला. पहिला आठवडा काहीच मागायचं नाही: शब्द उच्चारायचा, लगेच तोंडात खाऊ, दिवसातून दहा-बारा वेळा. मग दोन पावलांवरून, दुसऱ्या खोलीतून, अंगणातून. शब्द एकदाच. तीनदा ओरडलं तर पिल्लू एवढंच शिकतं की पहिल्या दोन हाका मोजायच्या नसतात. आलं नाही तर आपण जवळ जायचं, नाकाशी खाऊ धरून वळवायचं आणि पुढच्या वेळी अंतर कमी करायचं. आंघोळीला, नखं कापायला किंवा खेळ बंद करायला हा शब्द कधीच नाही.

एक चूक सहज होते. पिल्लू येतं, पण हात गळपट्ट्याकडे गेला की अंग चोरून मागे सरतं. पट्टा धरला म्हणजे मजा संपली, हे त्याने ओळखलेलं असतं. त्यावर क्रम असा: आधी दोन बोटांनी पट्टा धरायचा, धरलेला असतानाच खाऊ द्यायचा, मग सोडून ‘जा, हुंग’ म्हणायचं. दहापैकी आठ-नऊ वेळा सोडायचंच.

लसीकरण पुरं झाल्यावर मैदान. आधी पाच मीटरची, नंतर दहा मीटरची लांब दोरी, तीही हार्नेसच्या (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला. गळपट्ट्याला नाही, सुसाट धावताना दोरी संपली तर सगळा झटका मानेवर येतो. दोरी चपटी पट्टीची घ्यावी आणि हाताला गुंडाळू नये. बारीक गोल दोरी सरकली की तळवा सोलवटतो. पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं काही सांगायचंच नाही, मनसोक्त हुंगू द्यायचं.

खरी मेख हाक कधी मारायची यात आहे. माग लागला की शेपटी ताठ होते, कान पुढे पडतात, श्वास तुटक आणि भराभर होतो. अशा वेळी मारलेली हाक फुकट जाते, वर शब्दही बोथट होतो. पण नाक मागावरून सुटतं तेव्हा डोकं क्षणभर वर येतं, कान मागे जातो. तो एखाद-दुसरा सेकंद आपला. तेव्हाच ‘इकडे’. आलं की खाऊ, आणि लगेच त्याच जागी परत सोडायचं. हे दुसरं बक्षीस खाऊपेक्षा भारी ठरतं. मागावर चिकटलंच असेल तर हाक न मारता दोरीवर पाय ठेवायचा आणि डोकं वर येईपर्यंत थांबायचं. ओढायचं नाही, ओढलं की ते आणखी जोर लावतं.

हातातल्या पट्ट्यावर चालणंही याच हिशोबाने. ताण आला की मी थांबतो, सैल पडला की निघतो, आणि पाच-सहा पावलं सैल चाललं की ‘जा, हुंग’ म्हणून झुडपाकडे नेतो. सुरुवातीला शंभर मीटरला वीस मिनिटं लागतात. त्या दिवसांत घाई असेल तर सरळ उचलून न्यावं.

‘सोड’ मात्र लवकर शिकवावं, कारण वाटेत सापडेल ते गिळणं हा यांचा धर्मच. बंद मुठीत साधा खाऊ. चाटेल, पंजे मारेल. तोंड बाजूला घेतलं की दुसऱ्या हातातून त्याहून चांगला तुकडा. तोंडातलं काही काढायचं तर बदल्यात द्यावं. मागे धावलं तर पटकन गिळून टाकतं.

सहा महिन्यांच्या सुमारास शिकलेलं सगळं विसरल्यासारखं होतं. वयात येताना बहुतेकांचं असंच होतं. पुन्हा पाच मीटरच्या दोरीवर आणि अंगणातल्या धड्यांवर यायचं, रागवायचं नाही. दोरी मी फक्त चहूबाजूंनी कुंपण असलेल्या जागेत काढतो. बाकी कुठेही, कितीही शहाणं झालं तरी, नाही.