ओल माडीवर, कूज तळाशी

हडसन नदीकाठच्या न्यूबर्ग गावात इटालियनेट, म्हणजे इटलीतल्या बंगल्यांच्या धर्तीची, घरं बरीच आहेत. इंग्लंडमार्गे अमेरिकेत आलेली ही इटलीची हौस, पण इथे ती पुष्कळदा दगडाऐवजी पाइनच्या फळ्यांत उभी राहिली. जुन्या घरांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. त्यातल्याच एका घराच्या मालकीणबाईंचा फोन आला: छप्पर नवं घातलंय, तरी माडीवरच्या खोलीत ओल.

परांचीवर चढलो. वळचण चांगली दोन-अडीच फूट पुढे आलेली, तिच्याखाली जोडीजोडीने नक्षीदार ब्रॅकेट. छप्पर त्यांच्यावरच तोललंय असं वाटतं. प्रत्यक्षात भार आतल्या वाशांवर, ब्रॅकेट शोभेचे. एकाला पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

खालची फळी उतरवली. यंत्रावर कापलेले चौकोनी खिळे निघाले. तारेचे गोल खिळे रूढ झाले ते एकोणिसावं शतक सरताना, म्हणजे हे काम मूळचं. वर लाकडी खोक्यात लपवलेली पन्हळ, आतून कल्हईचा पत्रा, आणि त्याचा डाख उकललेला. रस्त्यावरून पन्हळ दिसू नये म्हणून ही युक्ती. त्यामुळे गळतीही कुणाला दिसली नाही.

घर १८६०च्या दशकातलं, बलून फ्रेमचं. म्हणजे भिंतीतले उभे वासे पायापासून छपरापर्यंत सलग, आणि त्यांच्यामधली पोकळीही. आग लागली तर याच वाटेने वर चढते. इथे पाणी खाली उतरलं होतं. माडीवर नुसता डाग, पण पायावरची आडवी तुळई हाताने कुस्करता येत होती. बाई तिथेच पायरीवर बसल्या.

कुजक्या ब्रॅकेटचा टवका मी सहज भिंगाखाली धरला. पांढऱ्या रंगाचे थरावर थर, आणि सगळ्यांत खाली बदामी-करडा. घरं-बागांच्या रचनेवर लिहिणारे अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याच गावचे. अशा घरांचं वेड अमेरिकेत पसरवण्यात त्यांचा मोठा हात. शुभ्र पांढरी घरं त्यांना डोळ्यांना खुपत. झाडांत, मातीत मिसळणारे रंग द्या, असं ते सांगत. १८५२मध्ये हडसनवरच ‘हेन्री क्ले’ आगबोट पेटली, त्यात वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. पण रंगाचा त्यांचा हट्ट या घराने पाळला होता.

बाईंना तो थर दाखवला. “मला पांढरंच हवं,” त्या म्हणाल्या. शेवटी ब्रॅकेट बदामी, भिंती पांढऱ्या, अशी तडजोड झाली. डाउनिंगना रुचली नसती. पन्हळीत मात्र तांब्याचा पत्रा घालायला त्या तयार झाल्या. मला तेवढं पुरे.