खिडकीखालचा पलंग

२०२१ च्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली आणि त्याच आठवड्यात माझा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ऑक्सिजन बरा होता, म्हणून डॉक्टरांनी घरीच वेगळं राहायला सांगितलं. लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस, आणि त्यातले शेवटचे तीन बिनतापाचे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली माझ्या वाट्याला आली, कारण स्वतंत्र बाथरूम तिलाच होतं. हवा खेळती राहावी म्हणून नवऱ्याने पलंग सरकवून खिडकीखाली लावला. औषधांइतकाच मला त्याचा उपयोग झाला.

सुरुवातीचे दिवस तापातच गेले. शुद्धीत बाहेर पाहायला लागले तेव्हा दुकानांची वेळ सकाळी सात ते अकरा झाली होती. पावणेअकराला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे झुंबड उडायची, अकराला शटर खाली. शटरचा आवाज आला की मी ऑक्सिमीटर लावायचे, मग खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. तो ९३ च्या खाली गेला तर लगेच फोन करायचा, असं ठरलं होतं.

सगळ्यात जड जायचं ते पालथं झोपणं. मानेखाली एक उशी, छातीखाली एक, नडग्यांखाली दोन. जेवणानंतर तासभर ते करायचं नाही, म्हणून सकाळचीच वेळ बरी. मान वळवली की समोरच्या बंगल्याची गच्ची दिसायची, आणि तिथे उन्हाळ्याची कामं चालू होती. एक आजी, त्यांचा मुलगा आणि शाळकरी नात. गहू तीन दिवस भिजवणं, वाटणं, चीक काढणं हे घरात झालेलं असणार. मला दिसायचा तो वर आणलेला शिजवलेला चीक. मुलगा सोऱ्या दाबायचा, आजी धुतलेल्या जुन्या लुगड्यावर कुरडया सोडत सरकायच्या. कडांवर दगड ठेवून झाले की नात काठी घेऊन कावळे हाकत बसायची. पातेल्यातून वाफ निघताना दिसायची, पण माझा वास गेलेला. गरम चिकाचा वास मला लहानपणापासून पाठ आहे, तरी तो आठवेना. तेव्हा मात्र रडू आलं.

दिवसभर फोन यायचे. कुठे बेड मिळतोय, रेमडेसिव्हिर कोणाकडे आहे, कोण गेलं. माणसं काळजीनेच बोलायची, पण फोन ठेवला की धडधड वाढायची. गच्चीवरच्या त्या तिघांना माझी खबरही नव्हती. ते वर्षाची बेगमी करत होते. पुढच्या पावसाळ्यात आपण जेवायला बसणार आहोत हे त्या घराने गृहीत धरलं होतं, आणि रोज ते बघून मलाही तसंच वाटायला लागलं.

मी बाहेर आले आणि सासूबाईंना ताप भरला. त्यांनाही तीच खोली दिली. दोन दिवस हूं की चूं नाही. नवरा दारापाशी ताट ठेवून हाका मारायचा, आतून उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला, "अगं, त्या समोरच्या बाईंना कोणीतरी सांगा, चीक पातळ राहिलाय. सोडल्या सोडल्या पसरतायत कुरडया."

मी लगेच नवऱ्याला म्हटलं, आज आईंना वरण-भात जरा जास्त वाढ.