जपानमधला शेवटचा दिवस आणि मुळ्याचा नैवेद्य

सहलीच्या शेवटच्या दिवसाचे काय करावे, याबाबत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. हातात उरलेले चलन संपवण्यासाठी बाजार गाठावा, असे एका पक्षाचे म्हणणे. बॅगा बांधून वेळेच्या चार तास आधी तयार होऊन बसावे, असे दुसऱ्याचे. या वेळी विमान संध्याकाळचे होते आणि आई सोबत होती, त्यामुळे तिसराच मार्ग निघाला. तोक्योच्या निशिकासाई भागात माझा मामेभाऊ राहतो आणि आमचा मुक्काम त्याच्याकडेच होता. आदल्या रात्री वहिनी आईला म्हणाली, "आत्या, आसाकुसाचे मोठे मंदिर बघायला जाणारच आहात, तर तिथून पुढे टेकडीवर गणपती आहे, तेवढे जाऊन या." गणपती म्हटल्यावर बाजाराचा विषय तिथेच संपला.

आसाकुसाचे सेन्सोजी हे तोक्योतील सर्वांत जुने मंदिर. आम्ही सकाळी लवकर पोहोचलो, तेव्हा मंदिराकडे जाणाऱ्या अडीचशे मीटरच्या नाकामिसे गल्लीतील दुकाने उघडायची होती आणि त्यांच्या शटरांवर रंगवलेली चित्रे निवांत पाहता आली. प्रवेशद्वारावरचा तो प्रसिद्ध लाल कंदील पुरातन असावा असे वाटते खरे, पण सध्याचे द्वारच १९६० सालचे आहे. ते आणि त्यावरचा कंदील पॅनासोनिकचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून उभे राहिले. मुख्य मंदिरही १९४५च्या मार्च महिन्यातील बॉम्बहल्ल्यात जळाले आणि १९५८मध्ये पुन्हा बांधून झाले. एवढे असूनही आत धुपाच्या मोठ्या पात्रापाशी उभे राहून धूर अंगावर ओढून घेणारी माणसे पाहिली की, इमारत नवी की जुनी या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

तिथून सुमिदा नदीच्या बाजूने दहा मिनिटे चालल्यावर मात्सुचियामा शोदेन हे गणपतीचे देऊळ येते. टेकडी म्हणायची ती जेमतेम दहा मीटर उंचीची. आपल्याकडे तिला कोणी उंचवटाही म्हटले नसते. तरीही वर जाण्यासाठी एक छोटीशी स्वयंचलित गाडी बसवलेली आहे, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या आईने तिचे मनापासून कौतुक केले. ही टेकडी ५९५ साली एका रात्रीत जमिनीतून वर आली, अशी आख्यायिका आहे. येथील देव कांगितेन, म्हणजे आपला विनायक. तांत्रिक बौद्ध परंपरेबरोबर चीनमार्गे तो जपानला पोहोचला आणि तिथलाच झाला. त्याला दूर्वा नाहीत, जास्वंद नाही. त्याला वाहायचा तो पांढरा, जाडजूड मुळा. मुळ्याने मनातला राग आणि विकार धुऊन निघतात, अशी तिथली श्रद्धा आहे. एकमेकांना बिलगलेले दोन मुळे आणि नाण्यांची थैली ही या देवळाची चिन्हे असून ती पायऱ्यांपासून कंदिलांपर्यंत सगळीकडे कोरलेली वा रंगवलेली दिसतात. मुळा देवळातच विकत मिळतो. आईने तो दोन्ही हातांत धरून असा काही पारखला, की दादरच्या मंडईत उभी आहे असे वाटावे. पाला छाटलेला आहे, हे तिला मुळीच आवडले नाही.

मला धास्ती वेगळीच होती. कांगितेनाची मूर्ती गुप्त ठेवलेली असते आणि भाविकांना ती दाखवत नाहीत. बहुतेक ठिकाणी तिचे रूप एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींचे असते, हे एक कारण असावे, असा माझा आपला तर्क. (सेन्सोजीतील कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाची मूळ मूर्तीही कोणाला पाहता येत नाही, म्हणजे सकाळपासून आम्ही न दिसणाऱ्या देवांच्याच दारी फिरत होतो.) मुखदर्शनासाठी लालबागच्या रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली माझी आई बंद दारापुढे मुळा ठेवून समाधान मानील, यावर माझा विश्वास नव्हता. तिने विचारलेच, "अगं, मूर्ती कुठाय?" मी सांगितले की मूर्ती आत आहे, पुजारी तिला कोमट तेलाने स्नान घालतात आणि ती पूजा बंद दाराआडच होते. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरोबरच आहे. अभ्यंगस्नान चालू असताना कोणी दार उघडे ठेवते का?" मग तिने सवयीने टाळ्या वाजवून आरतीचे एक कडवे पुटपुटले. बाजूला हात जोडून उभ्या असलेल्या वृद्ध जपानी बाईंनी मान किंचित लववली, एवढीच काय ती दखल.

देवाला वाहिलेल्या मुळ्यांपैकी काही भाविकांसाठी बाहेर ठेवलेले असतात, हवा असेल त्याने प्रसाद म्हणून न्यावा. आईने एक उचलला आणि तो थेट मुंबईला न्यायचा बेत जाहीर केला. ताजी भाजी विमानातून अशी नेता येत नाही, रोपांच्या रोगांसाठी तपासणी आणि कागदपत्रे लागतात, हे समजावण्यात मेट्रोच्या गिन्झा मार्गावरचा सगळा प्रवास गेला. निहोनबाशीला गाडी बदलेपर्यंत ती मुळा मांडीवर घेऊनच बसली होती.

निशिकासाईला उतरल्यावर प्रश्न आपोआप सुटला. २००० सालच्या सुमारास भारतीय संगणकतज्ज्ञ मोठ्या संख्येने तोक्योत आले आणि तोझाई मार्गावरून कार्यालये जवळ पडतात म्हणून या भागात स्थिरावले. त्यामुळे इथे किराणा मालाच्या दुकानात हिंगापासून पोह्यांपर्यंत सर्व काही मिळते. याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९मध्ये आपल्याकडचे योगेंद्र पुराणिक निवडून गेले, ही गोष्ट भावाने जेवताना आईला पुन्हा एकदा अभिमानाने ऐकवली. वहिनीने मुळा किसून, दही घालून, वर हिंग-मोहरीची फोडणी देऊन कोशिंबीर केली. जपानी मुळ्याला आपल्या मुळ्याचा उग्र दर्प नसतो आणि पाणी मात्र भरपूर सुटते, म्हणून ती किस आधी पिळून घेते.

जेवण झाल्यावर बॅगांचे वजन केले. आईची बॅग दोन किलोंनी जास्त भरली, तेव्हा भावासाठी आणून चुकून परत भरलेला गोड्या मसाल्याचा डबा बाहेर निघाला आणि वहिनीने तो लगेच कपाटात ठेवून दिला. उरलेल्या वजनाचे काय करायचे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत विमानतळाची बस येईपर्यंत झाले नाही.